विश्लेषण : हेडबँगिंगपासून समेपर्यंत... मेटलच्या चाहत्याने शास्त्रीय संगीत ऐकायला सुरुवात कुठून करावी?

मोबाइलवर विलंबित ख्याल लावायचा, चार मिनिटे ऐकायचा आणि ‘आपल्याला हे कळत नाही’ म्हणून बंद करायचा, असा मेटलच्या अनेक चाहत्यांचा अनुभव. प्रत्यक्षात त्यांचा कान या संगीतासाठी बराचसा तयार असतो. चुकते ते आत शिरण्याचे दार.

नोव्हेंबर २०१९ च्या अखेरीस पुण्यात ‘एनएच७ वीकेंडर’मध्ये स्वीडनचा ‘ऑपेथ’ हा बँड वाजला. त्यानंतर जेमतेम दोन आठवड्यांनी मुकुंदनगरमध्ये सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव भरला. एकाच शहरात, एकाच थंडीत झालेले हे दोन कार्यक्रम. पण दोन्हींकडे तिकीट काढून गेलेले श्रोते शोधावेच लागतील. एकीकडच्यांना दुसरीकडचे संगीत म्हणजे गोंगाट वाटतो, तर दुसरीकडच्यांना इकडचे म्हणजे संथ आणि ‘समजणाऱ्यांसाठीचे’. हा दुरावा खरोखर संगीतातला आहे की ऐकण्याच्या सवयीतला?

मेटल आणि शास्त्रीय संगीत यांचा संबंध कधीपासूनचा?

जगभरात मेटलचा चाहता ‘क्लासिकल’कडे वळतो तेव्हा तो बहुधा बाख किंवा पागानिनीपाशी पोहोचतो. स्वीडिश गिटारवादक इंग्वे मालमस्टीनने १९८४ च्या ‘रायझिंग फोर्स’ या अल्बमपासून ही वाट रुळवली. ‘मेटालिका’ने १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीबरोबर अख्खी मैफल केली. दक्षिण भारतात कर्नाटक संगीत आणि रॉक यांचा मेळ बेंगळूरुच्या ‘अगम’ने किंवा केरळच्या ‘मदरजेन’मधील गिटारवादक बैजू धर्मजन यांनी घातला. पुण्यातल्या श्रोत्याच्या हाताशी मात्र हिंदुस्थानी संगीत आहे. घराच्या चार-पाच किलोमीटरच्या परिसरात उत्तम मैफली होतात. या संगीताचे काही मूलभूत घटक मेटलच्या चाहत्याने आधीच, वेगळ्या नावाने, हजारो वेळा ऐकलेले असतात.

तंबोरा आणि डिस्टॉर्शन यांचे नाते काय?

मेटलचा पाया म्हणजे पॉवर कॉर्ड. त्यात दोनच स्वर असतात, मूळ स्वर आणि त्याचा पंचम. सोबत बऱ्याचदा वरचा मूळ स्वर. म्हणजेच सा-प-सा. तंबोऱ्याच्या चार तारा सहसा लावतात त्या प-सा-सा-सा अशा, शेवटची खर्जात. पॉवर कॉर्ड आणि तंबोरा यांचे स्वर एकच आहेत.

साम्य इथेच संपत नाही. डिस्टॉर्शन पेडल गिटारच्या ध्वनिलहरीचे माथे कापते. त्यामुळे मूळ स्वरात नसलेले अनेक वरचे उपस्वर तयार होतात आणि आवाज ‘जाड’ होतो. अशा आवाजात गंधार मिसळला तर उपस्वर एकमेकांत अडकून गढूळपणा येतो. पंचम मात्र स्वच्छ राहतो, कारण सा आणि प यांच्या कंपनांचे प्रमाण २:३ इतके साधे आहे. मेटलने पॉवर कॉर्ड धरून ठेवण्यामागे हेच कारण आहे.

तंबोऱ्यात हेच काम जवारी करते, तेही विजेशिवाय. तार घोडीच्या किंचित वक्र पृष्ठभागाला हलकेच स्पर्श करत राहते. तार आणि घोडी यांच्यामध्ये दोरा सरकवून ती जागा अचूक साधली की तार झणझणते आणि उपस्वर फुलून येतात. उत्तम लागलेल्या तंबोऱ्यात एकही तार गंधाराला लावलेली नसते, तरी गंधार स्पष्ट ऐकू येतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. ही कारागिरी मिरजेची. तिथल्या सतार आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

खालच्या स्वरांचे वजन ही मेटलची दुसरी ओळख. ‘ब्लॅक सॅबथ’च्या टोनी आयोमीची दोन बोटांची टोके कारखान्यातील अपघातात गेली होती. तारांचा ताण कमी व्हावा म्हणून त्याने पुढे गिटार खालच्या स्वरात लावली आणि मेटलला त्याचा जडपणा मिळाला. इकडे गायकाच्या दिवसाची सुरुवातच परंपरेने खर्जाच्या रियाजाने होते. मेटलच्या श्रोत्याला हे वजन ओळखता येते. मोबाइलच्या स्पीकरवर नेमके तेच गळून पडते. म्हणून पहिली सूचना अगदी साधी आहे. हेडफोन वापरावेत.

रिफ म्हणजे कायदा, ब्रेकडाउन म्हणजे सम?

अगदी तसे नाही, पण जवळचे आहे. ‘मेशुगा’सारखा बँड चार मात्रांच्या सरळ ठोक्यावर विषम लांबीची रिफ फिरवत ठेवतो. ती ठोक्यापासून सरकत जाते आणि बऱ्याच वेळाने दोघे एकदम एका बिंदूवर भेटतात. त्या क्षणी सगळ्या गर्दीची मान एकदम खाली येते.

हिंदुस्थानी संगीतात त्या बिंदूला सम म्हणतात, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा. समेवर येण्याचे सर्वांत उघड साधन म्हणजे तिहाई. एकच बोलसमूह तीनदा वाजवायचा आणि शेवटचा आघात समेवर आणायचा. साधे गणित पाहू. तीनताल १६ मात्रांचा. मात्रेला एक आघात अशा पाच आघातांचा तुकडा तीनदा वाजवला, तर १५ आघात होतात. तो तिसऱ्या मात्रेवर सुरू केला, तर पंधरावा आघात बरोबर पुढच्या आवर्तनाच्या समेवर पडतो. तबलजी हे मनातल्या मनात करतो आणि तेही तुकडा दुप्पट-चौपट लयीत नेऊन.

स्वतंत्र तबलावादनातला कायदा हा तर रिफप्रेमींसाठीच बनवल्यासारखा. एक छोटा बोलसमूह घ्यायचा आणि फक्त त्याच बोलांची उलटापालट करत त्याचे पलटे वाजवायचे. बाहेरचा बोल आणायचा नाही. ‘टूल’चा ड्रमर डॅनी केरी तबला शिकला आहे, यात नवल नाही.

राग म्हणजे स्केल का?

मेटलचे गिटारवादक ज्याला फ्रिजियन म्हणतात, ते भैरवीचे स्वर आहेत. रिषभ, गंधार, धैवत, निषाद असे चारही कोमल. त्यातला गंधार शुद्ध केला की फ्रिजियन डॉमिनंट होते, म्हणजे आपल्याकडचे बसंत मुखारीचे स्वर. ‘बायझंटाइन’ नावाने ओळखले जाणारे स्केल म्हणजे भैरवाचे स्वर. ‘ब्लॅक सॅबथ’च्या १९७० च्या पहिल्या अल्बममधील शीर्षकगीत ज्या अस्वस्थ करणाऱ्या अंतरावर उभे आहे, ते सा आणि तीव्र मध्यम यांच्यातले. मारवा, पुरिया धनाश्री, श्री, तोडी या रागांत हाच तीव्र मध्यम कोमल रिषभासोबत येतो. ‘मेटालिका’च्या १९९१ च्या अल्बममधील एका गाण्याच्या सुरुवातीला तर इलेक्ट्रिक सितारच ऐकू येते.

परंतु इथे सावध राहायला हवे. स्वर तेच म्हणजे राग तोच, असे नसते. भूप आणि देसकार या दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरात गातात, त्याचे वजन गंधारावर. देसकार सकाळचा, त्याचा जीव धैवतात. कोणत्या स्वरावर थांबायचे, कोणता नुसता स्पर्शून सोडायचा, कोणत्या वाटेने वर जायचे आणि कोणत्या वाटेने परतायचे, यावरून राग ठरतो. स्केल ही वर्णमाला मानली, तर राग ही बोलण्याची ढब आहे.

पुणे-मिरजेचे किराणा घराणे आणि ड्रोन मेटल यांचा संबंध?

संबंध दूरचा आहे, पण खरा आहे. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. त्यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर म्हणजेच सवाई गंधर्व. त्यांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी. १९५२ मध्ये सवाई गंधर्वांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, भीमसेनजींनी गुरूच्या स्मरणार्थ पुण्यात महोत्सव सुरू केला. एकेका स्वरावर ठाण मांडून, तो सावकाश उलगडत राग मांडणे ही या घराण्याची खासियत.

याच घराण्यातील दुसरे दिग्गज उस्ताद अब्दुल वहीद खाँ. त्यांचे शिष्य पंडित प्राणनाथ १९७० मध्ये न्यूयॉर्कला गेले. तेथे ला मॉन्टे यंग आणि टेरी रायली हे अमेरिकी संगीतकार त्यांचे शिष्य झाले. यंग त्याआधीपासूनच एकच नाद तासन्‌तास धरून ठेवणाऱ्या संगीताचे प्रयोग करत होते. प्राणनाथांकडे त्यांना त्याची जुनी परंपरा भेटली. यंग यांचा प्रभाव मानणाऱ्यांत ‘अर्थ’ या बँडचा डिलन कार्लसन होता. या बँडच्या १९९३ च्या अल्बमपासून ड्रोन मेटल हा प्रकार सुरू झाला, असे मानले जाते. एकाच रिफचा गडगडाट वीस-वीस मिनिटे ऐकणाऱ्या श्रोत्याला म्हणूनच तंबोरा परका वाटण्याचे कारण नाही.

मग अडते कुठे?

तीन ठिकाणी. पहिले, वेळ. अतिविलंबित एकतालाचे एक आवर्तन, म्हणजे बारा मात्रा, जवळपास मिनिटभर चालू शकते. मेटलमध्ये पहिल्या तीस सेकंदांत रिफ येते. बडा ख्याल ऐकताना सुरुवातीला काहीच घडत नाही असे वाटते. मात्र ऑपेथच्या चाहत्याला हे पूर्ण अनोळखी नसावे. त्यांच्या १९९६ च्या एका अल्बममधील एकच गाणे वीस मिनिटांहून मोठे आहे.

दुसरे, ठरलेली आवृत्ती नसणे. मेटलचा चाहता अल्बममधील सोलो सुरावटीसकट पाठ करतो आणि मैफलीत तोच सोलो तसाच वाजावा अशी अपेक्षा ठेवतो. ख्यालात बंदिश दोन-चार ओळींची. बाकी सारे त्या क्षणी घडते. तोच गायक तोच राग उद्या वेगळा गाईल. म्हणून ‘हे गाणे आवडले’ यापेक्षा ‘या कलाकाराचा हा राग आवडला’ अशा भाषेत विचार करावा लागतो. एकच राग तीन-चार जणांचा ऐकला की फरक आपोआप दिसू लागतात.

तिसरे आणि सर्वांत अवघड, संकोच. पुण्यात शास्त्रीय संगीताभोवती ‘समज’ या शब्दाचा धाक आहे. शेजारचा श्रोता दाद देतो आणि आपल्याला कशासाठी ते कळत नाही, म्हणजे आपण इथले नाही, असे नवख्याला वाटते. पण न कळणे ही काही पुण्याची मक्तेदारी नाही. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेश मदतनिधीसाठी झालेल्या मैफलीत पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अकबर खाँ यांनी नुसती वाद्ये जुळवली, तेव्हाच श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. रविशंकरांनी त्यांची हलकीशी फिरकी घेतली आणि मैफल सुरू झाली. तीच मैफल पुढे जगभर ऐकली गेली.

सुरुवात कोणत्या क्रमाने करावी?

पुण्यातल्या घरांत नव्या श्रोत्याला नाट्यगीत किंवा अभंगाच्या दाराने आत आणतात. ते दार चांगलेच आहे. पण मेटलच्या श्रोत्याला शब्द आणि चाल यांपेक्षा लय, वजन आणि वेग आधी भिडतात. त्याच्यासाठी क्रम उलटा लावणे सोयीचे.

एक : स्वतंत्र तबला. उस्ताद झाकीर हुसेन यांचे तीनतालातील कोणतेही वादन घ्यावे. मागे सारंगी किंवा हार्मोनियमवर एकच छोटी सुरावट फिरत असते, तिला लेहरा म्हणतात. ती १६ मात्रांची असते. बोटांवर मोजत राहावे. साध्या ठेक्यात दहाव्या मात्रेपासून डग्ग्याचा घुमारा नाहीसा होतो आणि चौदाव्या मात्रेला परत येतो. तो परतला की समजावे, सम तीन मात्रांवर आली.

दोन : सतार-सरोदचा झाला. पंडित निखिल बॅनर्जी किंवा उस्ताद विलायत खाँ यांच्या वादनाचा शेवटचा भाग आधी ऐकावा. चिकारीच्या तारांवरचा अखंड मारा ऐकताना ट्रेमोलो पिकिंगची आठवण होईल. गिटारचाच आवाज हवा असेल, तर पंडित ब्रिजभूषण काब्रा आणि पंडित विश्वमोहन भट आहेत. काब्रा यांची गिटार १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या अल्बममध्ये संतूर आणि बासरीसोबत ऐकू येते. भट यांना राय कूडरसोबतच्या अल्बमसाठी १९९४ मध्ये ग्रॅमी मिळाले.

तीन : द्रुत ख्याल. भीमसेन जोशींच्या पुरिया धनाश्री किंवा मियाँ की तोडीतील द्रुत बंदिश आणि ताना. संथ स्वरविस्तार करणाऱ्या घराण्याचा हा गायक ताना मात्र विजेसारख्या घेतो. सोबत गंगूबाई हनगल यांनाही ऐकावे. त्याही सवाई गंधर्वांच्या शिष्या. स्त्रीचा आवाज नाजूकच असतो हा समज त्यांचा भारदस्त स्वर पहिल्या मिनिटात मोडून काढतो.

चार : धृपदाचा आलाप. उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांची रुद्रवीणा. तालाशिवाय, अतिशय संथ, खोल खर्जातली. डूम मेटल ऐकणाऱ्याला ही वाट सर्वांत सोपी जाईल. पनवेलजवळच्या पळस्पे येथील गुरुकुलात त्यांनी विद्या दिली. त्यांचे पुत्र बहाउद्दीन डागर ही परंपरा पुढे चालवतात.

पाच : बडा ख्याल. इथवर आल्यावर विलंबित आवर्तन रिकामे वाटत नाही. किशोरी आमोणकरांचा भूप लावावा, दिवे मंद करावेत आणि पहिली पंधरा मिनिटे मोबाइल उपडा ठेवावा. एवढे झाले की नाट्यगीत आणि अभंगही नव्या कानाने ऐकू येतात.

प्रत्यक्ष कुठे ऐकावे, आणि कसे वागावे?

डिसेंबरमधील ‘सवाई’ हे सर्वांत मोठे ठिकाण. त्याशिवाय वसंतोत्सव आणि स्वरझंकार यांसारखे महोत्सव आहेत. वर्षभर छोट्या सभागृहांत मैफली सुरू असतात. ‘सवाई’त खुर्च्यांबरोबर भारतीय बैठकही असते. नवख्याने तिथे बसावे. आजूबाजूच्या मांडीवर पडणाऱ्या हातांच्या टाळ्या पाहिल्या, तरी ताल निम्मा कळतो. शिकायचेच असेल तर १९११ मध्ये भास्करबुवा बखले यांनी स्थापन केलेला भारत गायन समाज आणि विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ मध्ये सुरू केलेले गांधर्व महाविद्यालय या जुन्या संस्था शहराच्या मध्यभागी आहेत. गाण्यापेक्षा तबल्याच्या प्राथमिक वर्गाने सुरुवात केली, तर ऐकण्यात सर्वांत लवकर फरक पडतो.

वागण्याचे नियम मोजके. राग सुरू असताना उठू नये. बाहेर जायचेच तर दोन रागांच्या मधल्या वेळेत. दाद देण्यासाठी गाणे संपण्याची वाट पाहावी लागत नाही; चांगली जागा आली की ‘वाह’ म्हणणे हा शिष्टाचारच आहे. समेवर मान हलली तर कोणी हसत नाही, कारण तिथे बहुतेक सगळ्यांचीच हलते.

काय गमावले, काय उरले?

एका बाबतीत दोन्हींकडचे श्रोते समदुःखी आहेत. ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये आले आणि रात्री दहानंतर ध्वनिवर्धकांवर बंधने आली. मध्यरात्रीपर्यंतची सवलत वर्षातील मोजक्याच दिवसांसाठी मिळते. त्यामुळे ओपन एअर मेटल मैफली लवकर आटोपत्या घ्याव्या लागतात, आणि एकेकाळी पहाटेपर्यंत चालणाऱ्या ‘सवाई’च्या रात्रीही संपल्या. परिणामी उत्तररात्री आणि पहाटेचे राग त्यांच्या वेळी, हजारो जणांसोबत ऐकण्याची संधी दुर्मीळ झाली. ध्वनिमुद्रणात ती भूक काही अंशी भागते. ललित पहाटे साडेपाचला हेडफोनवर ऐकणे हा नव्या श्रोत्याने करून पाहावा असा प्रयोग आहे.

‘सवाई’ची सांगता परंपरेने सवाई गंधर्वांच्या भैरवीच्या ध्वनिमुद्रणाने होते. मंचावर कोणी नसते, फक्त तो जुना, किंचित खरखरीत आवाज. स्वर फ्रिजियनचेच. पण मेटलमध्ये त्या कोमल रिषभातून धमकी उभी राहते. इथे त्याच स्वरातून निरोप उभा राहतो. हा फरक ज्याच्या कानाला जाणवला, त्याला शास्त्रीय संगीत ‘कळू’ लागले आहे. त्यासाठी आधीचे मेटल सोडण्याची काहीच गरज नाही. उलट त्याच्यामुळेच हा फरक अधिक स्वच्छ ऐकू येतो.